व्याही काही वर येईनात

मामा मिळाला तेव्हा पोस्टमास्तर झोपले होते, त्यामुळे नियमाप्रमाणे मामा मिळालाच नाही.

हे वाचून माझ्या आजोळी काही गडबड झाली असा समज कुणी करून घेऊ नये. मामा हा मासा आहे. आमच्या नदीत गळाला लागतील असे सात जातींचे मासे आहेत आणि त्यांची आमच्या मासेमारी क्लबच्या पुस्तकातली नावं इतकी लांबलचक आहेत की नाव पुरं होईपर्यंत मासा पुलापलीकडे पोचतो. म्हणून माझ्या थोरल्या भावाने, दादाने, फार वर्षांपूर्वी त्यांना घरचीच नावं देऊन टाकली. गोल, चंदेरी आणि बोलावण्याआधीच हजर होणारी ती मावशी. मिशांचा तो मामा. घोळक्याने येऊन एकमेकांच्या तोंडचं काढून घेणारे पट्टेवाले ते चुलतभाऊ. पाठीवर काटे ती आत्या. लांबून हुबेहूब मामासारखा दिसणारा, पण मामाशी रक्ताचा काडीचाही संबंध नसलेला तो साडू. पाच-पाच वेळा आग्रह केल्याशिवाय तोंड न लावणारा तो जावई. आणि पंपघराखालच्या डोहात तळाशी बसून राहणारे, सावळे, भारदस्त, कशानेच प्रसन्न न होणारे ते व्याही. दादाने या नदीवर चाळीस वर्षं काढली. बाकीचे सहा त्याला कितीदा तरी भेटले. व्याही एकदाही वर आले नाहीत.

आमची मासेमारी माशीची. म्हणजे गळाला गांडूळ लावून ढिम्म बसायचं नाही. गळावरच पिसं, लोकर आणि दोरा बांधून खोटी माशी तयार करायची, लवचीक काठीने दोर हवेत पुढे-मागे झुलवायचा आणि माशी पाण्यावर अशी अलगद टेकवायची, की माशाला वाटावं, बिचारी दमून बसली. मासा फसला की जाळीत घ्यायचा, लांबी मोजायची आणि सोडून द्यायचा. ‘सोडून द्यायचा?’ हा प्रश्न मला या हंगामात इतक्या लोकांनी इतकी वेगवेगळी तोंडं करून विचारला, की मी हल्ली उत्तर देत नाही. नुसती मान हलवतो.

क्लबचा नियम असा, की मासा दुसऱ्या सभासदाने प्रत्यक्ष पाहून चिठ्ठीवर सही केली तरच तो मिळाला. सभासद एकूण अकरा. त्यातले आठ फक्त वार्षिक सभेच्या चहाला येतात आणि एकाची बदली झाली आहे. उरलो मी आणि निवृत्त पोस्टमास्तर. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं न वाचता पुढे पाठवल्यामुळे पोस्टमास्तरांना सचोटीचं व्यसनच जडलेलं आहे. मी मामाला दोन्ही हातांत धरून ओरडलो, तेव्हा ते झाडाखाली टोपी तोंडावर घेऊन पडले होते. ते उठून, चष्मा शोधून, पुसून, डोळ्यांवर चढवेपर्यंत मामा हातातून निसटला.

“तुमचे हात ओले आहेत, एवढं मी लिहून देतो,” ते म्हणाले. “मासा मी पाहिलेला नाही.”

मला मामा पुन्हा पकडावा लागला. त्यात तीन आठवडे गेले.

आता, नक्कल विभागात कारकुनी करणाऱ्या, चोपन्न वर्षांच्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला हा उद्योग कुणी सांगितला होता? दादाने सांगितला होता. आणि मी काही मासेमार नव्हतो. तीस वर्षं दर सुट्टीच्या दिवशी मी दादाबरोबर नदीवर गेलो, पण माझं काम पिशवी सांभाळायचं. काठी त्याची, माश्या त्याच्या, मासे त्याचे, पिशवी माझी. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. दादा घड्याळजी होता. डोळ्याला भिंग लावून दिवसभर तो केसाएवढ्या स्प्रिंगा बसवायचा आणि संध्याकाळी त्याच चिमट्याने माश्या बांधायचा. त्या इतक्या बेमालूम असायच्या, की आमच्या आईने एकदा एक चपलेने मारली होती.

गेल्या वर्षी त्याचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी त्याने सेकंदकाट्याची घड्याळं घेणं बंद केलं, मग दुकानच बंद केलं. शेवटी माझी पुतणी येऊन त्याला तिच्या शहरात घेऊन गेली. दोन दिवसांचा प्रवास आहे. तिथे नदी नाही. इमारतीसमोर एक कारंजं आहे, तेही बंद.

तो गेल्यावर मी दोन सुट्ट्या घरात काढल्या. बायको म्हणाली, “अहो, त्या खिडकीत किती वेळ उभं राहणार आहात? शेजारच्यांना वाटेल त्यांच्या गॅलरीवर लक्ष ठेवताय.” तिसऱ्या सुट्टीला दादाचा फोन आला. “धाकट्या, हंगाम सुरू होतोय. मी माश्या बांधून पाठवतो. तू पकड. सातही. व्याह्यांसकट.”

मी हसलो. तो हसला नाही. मग पुतणीने फोन घेतला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन हळू आवाजात म्हणाली, “काका, बाबांना आता अगदी धूसर दिसतं. त्यांना विचारलं तर ‘छान दिसतंय’ म्हणतात. आम्हीही तेच धरून चालतो. पण माश्या बांधायचं ठरल्यापासून ते सकाळी उठून दाढी करायला लागलेत. नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. तेवढं मनावर घ्या.”

मनावर घेतलं. घेतल्यावर पहिली गोष्ट कळली, ती म्हणजे परवाना लागतो.

परवान्याच्या अर्जात ‘मासेमारीचा उद्देश’ असा रकाना होता आणि त्याला तीनच पर्याय होते. विक्री, संशोधन, उदरनिर्वाह. मी खिडकीपलीकडच्या कारकुनाला म्हटलं, “मी मासे सोडून देणार आहे.”

“मग पकडता कशाला?”

“भावासाठी.”

“भाऊ खाणार?”

“भाऊ इथे नाही.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी गेली एकोणतीस वर्षं माझ्या खिडकीतून लोकांकडे पाहत आलोय. विक्रीला दुकानाचा दाखला लागणार होता आणि संशोधनाला संस्थेचं पत्र. “उदरनिर्वाह लिहा, त्याला काही लागत नाही,” असं त्यानेच सुचवलं. मी लिहिलं. दीड महिन्याने त्याची प्रत आमच्या कार्यालयात आली आणि माझ्याकडून खुलासा मागवण्यात आला, की पूर्णवेळ नोकरीत असताना आपण मासेमारीवर उदरनिर्वाह करीत असल्याचे निदर्शनास आले आहे, ते का. मी सविस्तर लिहून दिलं, की आजवर पकडलेले सर्व मासे मी सोडून दिले आहेत. त्यावर साहेबांनी समासात शेरा मारला, ‘मग उदरनिर्वाह कसा होतो?’ हे प्रकरण अजून चालू आहे.

साहेबांचा माझ्यावरचा राग तसा जुना नव्हता. तो पहिल्या माशीपासूनचा. दादाचं पहिलं पाकीट आलं, त्यावर मोठ्या अक्षरात ‘१ – मावशी’ लिहिलेलं. आत करड्या पंखांची, जिवंत वाटावी अशी माशी. मी ती काठीला बांधून सकाळी गच्चीवर सराव केला. दोर मागे जातो तेव्हा एक क्षण थांबायचं असतं, हे मला तीस वर्षं पाहून ठाऊक होतं, पण हाताला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या फेकीला माशी कुठे गेली ते कळेना. पाणी नव्हतं, मासा नव्हता, आणि माशीही नव्हती. दोर तुटलेला. दातांचे डॉक्टर शेजारच्या गच्चीवरून सगळं पाहत होते. “मनगट सैल सोडा,” ते म्हणाले. “दात काढतानासुद्धा हेच तत्त्व आहे.” मी वेळ झाली म्हणून खाली आलो, कोट चढवला आणि कामावर गेलो. कोट गच्चीच्या कठड्यावर ठेवलेला होता, याचा मी विचार केला नाही.

अकराच्या बैठकीत मी साहेबांपुढे उभा राहून तिमाही आढावा वाचत होतो. वाचता वाचता फळ्याकडे वळलो. साहेबांनी हळूच फाईल उचलली, दबकत दोन पावलं पुढे आले आणि माझ्या पाठीत सणसणीत हाणली. मग पुन्हा हाणली, कारण माशी उडाली नव्हती. तिसऱ्या वेळी गळ फाईलच्या फितीत अडकला आणि साहेब, मी आणि तिमाही आढावा असे आम्ही तिघे काही काळ एकमेकांना जोडले गेलो. बावीस लोक हसत होते. मला त्या दिवशी नोकरी सोडावीशी वाटली.

पण रविवारी हे दादाला सांगितलं, तर तो इतका हसला, की पुतणी धावत आली. “साहेब फसला म्हणजे मासा फसणारच,” तो म्हणत राहिला. त्या आठवड्यात मावशी मिळाली. पोस्टमास्तर जागे होते, सही झाली. पुतणीने कळवलं, की बाबा आज दोनदा वाढून घेऊन जेवले.

तेव्हापासून माझ्या मानापमानाचा हिशेब मी सोडून दिला. दादाला जे काही लागेल ते मिळवायचं. त्याला पोपटाचं हिरवं पीस हवं होतं, म्हणून मी दातांच्या डॉक्टरांच्या पिंजऱ्याखाली गळालेली पिसं वेचायला गेलो, आणि डॉक्टरीणबाईंना वाटलं मी पोपटाला फूस लावतोय. त्याला तपकिरी लोकर हवी होती, म्हणून बायकोचा स्वेटर खालच्या बाजूने चार बोटं उसवला. तो आखूड कसा झाला हे तिला बरेच दिवस कळलं नाही. कळल्यावर ती काही बोलली नाही, हे जास्त वाईट. सल्ले तर घरबसल्या येत होते. तळमजल्यावरच्या शिंप्याचं मत पडलं, की माशांना चकचकीत कापड आवडतं. इस्त्रीवाल्याच्या मते मासे मुळात संशयी असतात. आमच्या सासऱ्यांनी फोन करून खास विचारलं, की बाजार बंद झालाय का.

रविवारचा फोन मात्र चुकला नाही. पूर्वी आम्ही दोघं फोनवर फारसं बोलतच नसू. “बरा आहेस?” “बरा.” “देतो हिच्याकडे.” झालं. आता तो तासभर सोडत नसे. पाणी किती होतं, रंग कसा होता, वारा कुठून, पलीकडच्या काठावरचं वाकडं झाड अजून आहे का. मी सांगत असे आणि तो मध्येच गप्प होत असे. मला कळायचं, आत्ता तो तिथे जाऊन उभा राहिलाय. नदीवर मी एकटा असताना मला फार जड जायचं. दोर टाकून झाला, की डावीकडे बघायची सवय. डावीकडे तो असायचा. आता तिथे पिशवी ठेवतो.

माश्या बिघडत चालल्या होत्या. चुलतभावांची माशी एका बाजूला कलायची. आत्याच्या माशीला एकच पंख होता. साडूची आली तेव्हा पोस्टमास्तरांनी ती तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली आणि विचारलं, “हे पाकीट वाटेत चेपलं का?” पुतणीने सांगितलं, की धूसरही आता दिसत नाही. फक्त उजेड आणि अंधार. ते बोटांनी चाचपून बांधतात, तासन्‌तास, आणि झालं की तिला दाखवतात, ‘बघ, जमली की नाही.’

पण मासे, त्यांचं भलं होवो, त्या कलत्या, एकपंखी माश्यांनाही लागले. कधी चार दिवसांनी, कधी चाळीस फेकींनी. साडू तर मला मामाच वाटला होता. मी चिठ्ठी न भरताच सोडणार होतो, पण पोस्टमास्तरांनी मिशा मोजायला लावल्या. जावयाने अठ्ठावीस वेळा माशी हुंगली, तोंड फिरवलं, पुन्हा आला, पुन्हा रुसला, आणि मी वैतागून दोर गुंडाळायला घेतला तेव्हा हावरटासारखा लागला. सहा झाले. हंगाम संपायला नऊ दिवस उरले होते.

सातवं पाकीट आलं. ‘७ – व्याही’. अक्षरं एकमेकांवर चढलेली. मी ते फोडलं, तर आत नुसता गळ.

पाकीट उलटं केलं, झटकलं, उजेडात धरलं. एक धागा नाही, एक पीस नाही. बांधताना सगळं सुटून त्याच्या मांडीवर पडलं असेल, किंवा भलताच गळ हाताला लागून तोच पाकिटात गेला असेल. मी खुर्चीत बसून राहिलो. बायकोने गळ हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाली, “भावोजींना सांगणार आहात?”

“नाही.”

“मग बांधा.”

मी जन्मात माशी बांधलेली नव्हती. तीन संध्याकाळी आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. तिने भुवयांच्या चिमट्यात गळ धरला आणि मी दोरा गुंडाळला. उशीतलं पीस, पोपटाचं उरलेलं पीस, आणि स्वेटरची लोकर, जी तिने या वेळी आपल्या हाताने उसवून दिली. चार सुटल्या. त्यातली एक माझ्या अंगठ्यात रुतली, ती दातांच्या डॉक्टरांनी अतिशय आनंदाने काढली. पाचवी टिकली. काळपट, जाडजूड, भुवया चढवल्यासारखी दिसत होती.

“ही माशीसारखी नाही दिसत,” बायको म्हणाली. “तुमच्या साहेबांसारखी दिसते.”

हंगामाच्या शेवटच्या सकाळी पोस्टमास्तर आणि मी पंपघराखाली गेलो. वाटेत मी त्यांना सगळं सांगून टाकलं. गळ, पाकीट, तीन संध्याकाळी. मला कुणाला तरी सांगायचंच होतं. ते या खेपेला झाडाखाली न बसता उभेच राहिले.

दहा वाजेपर्यंत काही नाही. साडेअकराला मी डावीकडे पाहिलं, पिशवीकडे, आणि मनात म्हटलं, दादा, नाही येत रे ते. तेवढ्यात दोर जड झाला. झटका नाही, हिसका नाही, कुणीतरी शांतपणे दार लावून घ्यावं तसा जड झाला. मग काठी वाकली ती सरळ होईना. वीस मिनिटं मी कमरेइतक्या पाण्यात पुढे-मागे होत होतो. चप्पल गेली, टोपी गेली, पोस्टमास्तर काठावरून “सावकाश! रजिस्टर्ड आहे असं समजा!” म्हणून ओरडत होते. आणि व्याही वर आले. जाळीत मावेनात. मी त्यांना कवेत धरलं.

लांबी मोजली. पोस्टमास्तरांनी चष्मा पुसून पुसून पाहिलं. मी हात सैल केले आणि ते घाई न करता खाली गेले.

चिठ्ठी भरायला घेतली. जात, लांबी, वेळ. शेवटचा रकाना, ‘माशी बांधणाऱ्याचे नाव’. मी नक्कल विभागातला माणूस. मुळाशी ताडून पाहिल्याशिवाय मी कधी कशावर सही केलेली नाही. मी दादाचं नाव लिहिलं आणि चिठ्ठी सहीसाठी पुढे केली.

पोस्टमास्तरांनी ती दोनदा वाचली. “तुम्हाला माशी बांधताना मी पाहिलेलं नाही,” ते शेवटी म्हणाले. “न पाहिलेल्या गोष्टीबद्दल मला काही म्हणता येत नाही.” आणि त्यांनी सही केली.

संध्याकाळी मी फोन लावला. “आले,” एवढंच म्हटलं.

“माझ्या माशीवर?”

मला फार सांगावंसं वाटलं. दादा, मी बांधली. तू बघायला हवी होतीस. चाळीस वर्षं तुला न मिळालेला मासा माझ्या माशीवर आला, मला एकदा शाबास म्हण. सगळं अगदी ओठांवर आलं होतं.

“तुझ्याच,” मी म्हटलं. “सातव्या पाकिटातल्या.”

“शेवटच्या गाठीला बोटं ऐकेनात. मला वाटलं होतं सुटणार.”

“नाही सुटली. घट्ट होती.”

“म्हणजे हात चालतात अजून.”

“चालतात ना.”

मग एकदम लहान आवाजात त्याने विचारलं, “कसे दिसतात रे ते, जवळून?”

मी सांगितलं. पाठ काळी, पण पाण्याबाहेर येताच हिरवट होते. पोट जुन्या पितळेच्या रंगाचं. खवले नखाएवढे, काठाला बारीक सोनेरी रेघ. डोळा शांत, घाबरलेला नाही. तो प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होता आणि मी दोनदा सांगत होतो.

“दादा, तू ये ना,” मी म्हटलं. “एकदा ये. मी धरून नेईन काठापर्यंत.”

“येईन की. पुढच्या हंगामात.” आणि मग, उत्साहाने, “तोवर आठवी बांधून पाठवतो.”

“दादा, आपल्या नदीत सातच आहेत.”

“असतील. तू नीट बघितलं नसशील.”

मी डोळे पुसले. बायको दारात उभी होती, तिने ‘हो म्हणा’ अशी मान हलवली.

“बघतो,” मी म्हटलं. “तू पाठव.”